खरेदीखतामागचं कर्ज

भीमेच्या काठच्या आमच्या ऊसपट्ट्यात व्याजाने पैसे देणारा माणूस गहाणखत करून घेत नाही, तो खरेदीखत करून घेतो. दुय्यम निबंधकासमोर रीतसर नोंदणी होते, अंगठे आणि फोटो होतात, मुद्रांक शुल्क भरलं जातं. कागद वाचणाऱ्याला ती सरळ जमीनविक्री दिसते. खरा व्यवहार मात्र त्या ऑफिसच्या बाहेर, चहाच्या टपरीवर तोंडी ठरलेला असतो : पैसे फेडलेस की जमीन पलटवून देतो. याला आमच्याकडे ‘विश्वासाची खरेदी’ म्हणतात.

२०१६ च्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी, आप्पांनी, अशीच दीड एकर मळ्याची जमीन लिहून दिली. उजनी धरण उणे पातळीत गेलेलं, ऊस जळालेला, विहिरीची खोदाई अर्धवट आणि धाकट्या भावाच्या शिक्षणाची फी थकलेली. सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर होतं, त्यामुळे बँक दारात उभी करत नव्हती. गावापासून जवळच खतांचं दुकान असलेल्या एका माणसाने ४ लाख दिले. गावात त्यांना सगळे दादा म्हणतात. व्याज शेकडा पाच, म्हणजे दरमहा २० हजार, वर्षाला २ लाख ४० हजार. खरेदीखत दादांच्या बायकोच्या नावावर झालं.

पुढे आप्पा गेले. दिवसकार्य उरकतंय तोवर मळ्याच्या सातबाऱ्यावर फेरफाराची नोटीस आली आणि पाठोपाठ भावाच्या नावाने वकिलाची दुसरी नोटीस, ९ लाखांचा चेक वटला नाही म्हणून. भावाने मधल्या काळात थकलेल्या व्याजापोटी तीन कोरे चेक सह्या करून दिले होते, त्यातलाच एक भरून बँकेत टाकलेला. जमीनही घेणार आणि वर ९ लाखही घेणार, असा तो हिशोब होता.

पोलीस ठाण्यात आम्हाला सांगितलं गेलं की ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. भावकीतल्या जाणत्यांनी सांगितलं, आप्पांनी सह्या केल्यात, आता विषय संपला. वाट दाखवली ती माझ्याच शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या नात्यातल्या निवृत्त सहकार अधिकाऱ्यांनी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, त्यांच्याकडे सावकारीचा परवाना आहे का?”

हा प्रश्न तोवर आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता, आणि सगळं प्रकरण त्याच्यावरच उभं होतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा १९४६ च्या जुन्या मुंबई सावकारी कायद्याच्या जागी आला. त्याच्या कलम ४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करता येत नाही. केला तर कलम ३९ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना असलेल्यालाही व्याज मनाला येईल तसं लावता येत नाही. २०१४ साली शासनाने ठरवलेले दर शेतकऱ्याला तारण कर्जासाठी सालाना ९ टक्के, विनातारण १२, आणि बिगरशेती कर्जासाठी १५ आणि १८ टक्के आहेत. व्याजावर व्याज नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. त्याने वह्या ठेवायच्या, पावत्या द्यायच्या, कोऱ्या कागदावर सही घ्यायची नाही. ९ टक्क्यांनी आप्पांच्या ४ लाखांचं वर्षाचं व्याज ३६ हजार झालं असतं. ते आप्पा दोन महिन्यांच्या आत भरत होते.

परवाने देणं आणि विनापरवाना सावकारीवर कारवाई करणं, दोन्ही सहकार खात्याकडे आहे. तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक. सावकारी कायद्यासाठी तेच जिल्हा निबंधक. तालुक्याच्या कार्यालयात परवानाधारक सावकारांची यादी असते. ती मी माहितीच्या अधिकारात मागितली. यादीत बहुतेक सराफ होते, सोनं तारण घेऊन कर्ज देणारे. दादांचं नाव नव्हतं, त्यांच्या बायकोचं नव्हतं, मुलाचंही नव्हतं.

आता कलम १८ बद्दल. आमच्यासारख्या प्रत्येक घराला हे कलम माहीत असायला हवं असं मला कळकळीने वाटतं. सावकाराच्या ताब्यात विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल किंवा अन्य कोणत्याही मार्गाने आलेली स्थावर मालमत्ता मुळात कर्जाचं तारण म्हणून आली होती असं मानायला कारण असेल, तर जिल्हा निबंधक त्या व्यवहाराची चौकशी करू शकतात. अर्जाच्या तारखेआधीच्या १५ वर्षांतला व्यवहार चालतो. चौकशीत ते सिद्ध झालं तर नोंदणी झालेलं खरेदीखतसुद्धा अवैध ठरवून मालमत्ता कर्जदाराला परत देण्याचा आदेश त्यांना देता येतो. आणि कर्जदार हयात नसेल तर त्याच्या वारसांना. हा शेवटचा भाग वाचल्यावर मी आईला तो मोठ्याने वाचून दाखवला.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन रोखे आणि खातेवह्या जाळल्या, तिथून दख्खनचे दंगे पसरले, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या लोकांना पैशापेक्षा कागद हवे होते, कारण कोर्ट फक्त कागद बघत होतं. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पहिल्यांदा न्यायाधीशाला कागदामागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासायला सांगितलं. कलम १८ त्याच वाटेवरचं आहे. फरक इतकाच की आता त्यासाठी दिवाणी दावा टाकून वर्षानुवर्षं तारखा मोजाव्या लागत नाहीत, सहकार खात्याकडे अर्ज करता येतो.

अर्ज साधाच असतो, सोबत प्रतिज्ञापत्र. पण ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्या वाक्यावर कुणी नोंदणीकृत दस्त रद्द करणार नाही आणि करूही नये, नाहीतर खरी विक्री करून नंतर जमिनीचा भाव वाढला म्हणून उलटणाऱ्यांचं फावेल. विक्री नव्हती, कर्ज होतं, हे कागदानेच दाखवावं लागतं. त्या निवृत्त अधिकाऱ्यांनी मला कागदांची दिशा दिली आणि पुढचे काही आठवडे शाळा सुटली की मी तेच करत होते.

सगळ्यात बोलका कागद निघाला तो सूची क्रमांक २. नोंदणी झालेल्या प्रत्येक दस्ताचा हा एक पानी गोषवारा असतो. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. आमच्या दस्तात मोबदला ४ लाख आणि बाजारभाव ११ लाखांच्या पुढे. मुद्रांक शुल्क बाजारभावावर भरलेलं. ओलिताची, विहिरीची जमीन कोणता शेतकरी सरकारी मूल्यांकनाच्या निम्म्याहून कमी भावात खुशीने विकेल? मग मी आजूबाजूच्या गावांचे गट नंबर घालून नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधायला लागले. दादांच्या बायकोच्या आणि मुलाच्या नावावर एकामागून एक खरेदीखतं निघत गेली. बहुतेकांत तीच तऱ्हा, मोबदला बाजारभावापेक्षा बराच कमी. काहींत तर वर्षा-दोन वर्षांनी त्याच माणसाला जमीन परत विकल्याचा दस्त. म्हणजे ज्यांनी फेडलं त्यांना खरोखर पलटवून दिलं होतं. जमीन घ्यायची आणि मूळ मालकालाच परत विकायची, हे शेतकऱ्याचं लक्षण नाही, हा सावकारीचा धंदा आहे. मी ती सगळी पानं छापून तारखेप्रमाणे लावली.

बाकीचे कागद घरातच होते. खरेदीखतात लिहिलेलं होतं की ताबा त्याच दिवशी दिला. पण त्यानंतरच्या प्रत्येक हंगामात त्या गटातल्या उसाची नोंद कारखान्याकडे आप्पांच्या नावावर, बिलं आप्पांच्या खात्यात. मोटारीचं वीजबिल आप्पांचं. विकास सोसायटीचं पीककर्ज २०१७ मध्ये त्याच गटावर नवं-जुनं केलेलं. खरा खरेदीदार आपल्या विकत घेतलेल्या रानावर दुसऱ्याला कर्ज काढू देईल का? आणि बँकेचं पासबुक. आप्पा काही व्याज रोखीत द्यायचे, पण उसाचं बिल जमा झालं की भावाने मोबाईलवरून दादांच्या बायकोच्या खात्यात पैसे पाठवलेले. खरेदीखतानंतर विकणाराच घेणाऱ्याला पैसे देतोय, २० हजारांच्या पटीत. तीन वर्षांत नुसते बँकेतून गेलेले पैसे साडेपाच लाखांवर होते.

चेकच्या नोटिशीला मात्र थांबून चालत नव्हतं. चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार, अशी ती मुदतीची साखळी आहे. आमच्या वकिलांनी १५ दिवसांच्या आत लेखी उत्तर धाडलं : चेक कोरा होता, विनापरवाना सावकाराने तारण म्हणून घेतला होता, ९ लाखांचं कोणतंही देणं नाही. अशी नोटीस आली की घाबरून ती कपाटात ठेवतात लोक. तसं कुणीही करू नका. पुढे कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो की तुमचं म्हणणं खरं होतं तर तेव्हाच का सांगितलं नाही.

अर्ज दिल्यावर बरेच दिवस काहीच हललं नाही. मी चौकशीला गेले की ‘प्रक्रिया चालू आहे’ एवढंच उत्तर. तेव्हा राग यायचा, संशयही यायचा. कारण नंतर समजलं. कलम १६ प्रमाणे सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांना वॉरंटशिवाय घरात, दुकानात जाऊन झडती घेता येते, आणि ती कधी होणार हे तक्रारदारालाही कळू देत नाहीत. बातमी फुटली तर वह्या रातोरात गायब होतात. एके दिवशी सकाळी दुकानावर आणि घरावर एकाच वेळी पथकं गेली. सोबत पंच म्हणून दुसऱ्या खात्यांचे कर्मचारी आणि पोलीस बंदोबस्त. आम्हाला कळलं ते गावात बोभाटा झाल्यावर.

पंचनाम्याची नक्कल पुढे प्रकरणात मिळाली. ती मी स्टाफरूममध्ये बसून वाचली. जप्त केलेल्या कागदांची यादी चारचार ओळींच्या नोंदींत. सह्या केलेले कोरे चेक, बँकेचं नाव आणि चेक क्रमांकासह. कोरे स्टॅम्पपेपर, काहींवर फक्त अंगठा. इसारपावत्या. खरेदीखतांच्या मूळ प्रती. आणि डायऱ्या, खताच्या कंपन्या दुकानदारांना देतात तसल्या. पंचनाम्याला जोडलेल्या झेरॉक्समध्ये एका पानावर आमच्या गावाचं नाव, खाली आप्पांचं नाव, पुढे ‘मळा’, पुढे ‘४००’, आणि त्याखाली महिन्यांच्या ओळी. ज्या महिन्यांत पैसे पोचले तिथे बरोबरची खूण, नाही तिथे गोल. २०१८ च्या उन्हाळ्यात सलग गोल. त्या महिन्यांत आप्पांना दवाखान्यात ठेवलं होतं. खाली एका ओळीत ‘व्या. बाकी’ आणि आकडा. चारशे म्हणजे चारशे हजार, हे अधिकाऱ्यांनी इतर पानांशी ताडून नोंदवलं होतं. जमीन विकत घेणारा माणूस विकणाऱ्याच्या नावापुढे व्याजाची बाकी कशाला लिहील?

झडतीनंतर मिटवामिटवीचे निरोप यायला लागले. नात्यातली, राजकारणातली माणसं घरी येऊन बसायची. अर्ध्या जमिनीवर तडजोड करा, चेकची केस मागे घेऊ, कशाला वैर वाढवता. भाऊ डळमळला होता. त्याला रोज त्याच रस्त्याने दूध घालायला जावं लागतं. मी त्याला दोष देत नाही. आईनेच आलेल्यांना सांगितलं, “आमचं जे म्हणणं आहे ते साहेबांसमोर मांडलंय. तुम्ही चहा घ्या.” पुढे ती तेच वाक्य प्रत्येकाला सांगत राहिली.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी. दोन्ही बाजूंना नोटिसा, लेखी म्हणणं, कागद, जबाब, मग युक्तिवाद. समोरच्या वकिलांचं म्हणणं असं की विक्री खरी आहे, मोबदला चुकता झालाय, आप्पा वयस्कर म्हणून माणुसकीने रान त्यांच्याकडेच कसायला ठेवलं, आणि बँकेतून आलेले पैसे म्हणजे त्या रानाचा खंड, म्हणजे कसण्याचं भाडं. हा बचाव कच्चा नव्हता. विकलेल्या जमिनीत मूळ मालक खंडकरी म्हणून राहू शकतो. त्यावर आमच्या बाजूने विचारलं गेलं की खंड वर्षाचा असतो की महिन्याचा? दीड एकर उसाच्या रानाला वर्षाला २ लाख ४० हजार खंड आमच्या तालुक्यात कुणी देतं का? आणि खंडकऱ्याच्या नावापुढे डायरीत ‘व्या. बाकी’ कशी?

आईची साक्ष झाली तेव्हा मी दाराजवळच्या बाकावर होते. समोरचे वकील विचारत होते, तुम्ही खरेदीखतावर संमती म्हणून सही केलीत ना, वाचून केलीत ना. आईने हो म्हटलं. “मग विक्रीच झाली ना?” आई म्हणाली, “विकली असती तर मी दर महिन्याला पैसे मोजून रुमालात बांधून दिले नसते.” मग तिने सांगायला सुरुवात केली : कोणत्या वर्षी कोणतं जनावर विकून कोणत्या महिन्याचं व्याज भरलं. सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी तिला मध्ये तोडलं नाही. लिहून घेणाऱ्याला फक्त एवढं म्हणाल्या की यांचं बोलणं यांच्या शब्दांत घ्या. आईने सांगितलेल्या महिन्यांपैकी बरेचसे डायरीतल्या बरोबरच्या खुणांशी जुळले. तिने ती डायरी तोवर पाहिलेली नव्हती.

आदेशात कलम १८ (२) खाली खरेदीखत अवैध ठरवलं आणि जमीन आम्हा वारसांना परत करायला सांगितलं. कारणं मुद्देसूद लिहिली होती : मोबदला आणि बाजारभावातला फरक, न दिलेला ताबा, दर महिन्याचे पैसे, एकाच कुटुंबाच्या नावावरचे तसेच अनेक दस्त, परवाना नाही. विनापरवाना सावकारीचा गुन्हाही सहकार खात्याच्याच फिर्यादीवरून नोंदवला गेला. ज्या विषयाला दिवाणी बाब म्हणून आम्हाला परत पाठवलं होतं, तोच गुन्हा आता सरकार तर्फे चालतो आहे.

दादांकडच्यांनी एका महिन्याच्या मुदतीत विभागीय सहनिबंधकांकडे अपील केलं. तिथे आदेशाला काही काळ स्थगिती मिळाली आणि पुन्हा सगळे युक्तिवाद झाले. अखेर आदेश कायम राहिला. आता त्यांना उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे आणि ते जातीलही. आमच्या वकिलांनी आधीच कॅव्हेट टाकून ठेवलंय, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय एकतर्फी स्थगिती मिळू नये. या सगळ्यात जमीन आपोआप नावावर येत नाही हेही लिहायला हवं. आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज, त्यावर हरकत, मग मंडळ अधिकाऱ्यांसमोर पुन्हा सुनावणी. तिथे ‘खरेदीखत रद्द झाल्याचा कोर्टाचा हुकूम कुठाय’ असं आम्हाला विचारलं गेलं. जिल्हा निबंधकांना तो अधिकार कायद्याने दिलेला आहे, हे कलमाच्या छापील प्रतीसह लेखी द्यावं लागलं. महसूल खात्याच्या खालच्या पायरीपर्यंत हा कायदा अजून पोचायचा आहे. माझ्या मते आदेशाची प्रत निबंधक कार्यालयाकडून थेट तहसीलदारांकडे अंमलबजावणीसाठी जाण्याची आणि मुदतीत फेरफार होण्याची सक्ती हवी. आज तो भार त्याच कर्जदारावर पडतो, जो आधीच दमलेला असतो. मळ्याच्या सातबाऱ्यावर आता आईचं, भावाचं आणि माझं नाव आहे.

चेकची केस मात्र चालू आहे. आमच्या वकिलांनी पहिल्या दिवशीच स्पष्ट केलं होतं की परवाना नसलेल्या सावकाराला कोर्टाने हुकूमनामा देऊ नये ही तरतूद दिवाणी दाव्यापुरती आहे, चेकच्या फौजदारी खटल्यात त्यावर विसंबून राहायचं नाही. तिथे कायदा असं धरून चालतो की चेक देणं फेडण्यासाठीच दिलाय. तसं नव्हतं हे दाखवण्याचं ओझं चेक देणाऱ्यावर. दादांच्या वकिलांनी खटला चालू असताना रकमेच्या २० टक्के अंतरिम भरपाईही मागितली. ती देववणं न्यायालयाच्या विवेकावर आहे, सक्तीचं नाही, असं आमचं म्हणणं आम्ही दाखल केलं.

त्या खटल्यात आम्ही पंचनाम्याची प्रमाणित प्रत हजर केली आहे. जप्तीच्या यादीत भावाच्या बँकेचे दोन चेक आहेत, सही केलेले, रक्कम आणि तारीख कोरी. त्यांचे क्रमांक आणि ९ लाखांच्या चेकचा क्रमांक सलग आहेत, एकाच चेकबुकातले, आणि भरलेला चेक त्या दोघांच्या मधला आहे. समोरच्यांनी तक्रारीत लिहिलंय की भावाने दुकानातून घेतलेल्या खताच्या उधारीपोटी तो चेक स्वतःच्या हाताने भरून दिला. मग त्याच्या आधीचा आणि नंतरचा चेक कोरा त्यांच्या कपाटात कसा, हे उलटतपासणीत विचारलं जाईल. पुढची तारीख त्यासाठीच आहे.